चौथ्या प्रश्नाकडे बघायचं नाही

फेब्रुवारी लागला की आमच्या स्टाफरूममध्ये संत्री येतात. कुणाचं माहेर नरखेडकडे, कुणाच्या मेहुण्याची तिकडे बाग. पिशवी भरून कोणी ना कोणी आणतंच. मधल्या सुट्टीत टेबलावर वर्तमानपत्र पसरतं, त्यावर सालींचा ढीग होतो, बोटं पिवळी होतात, आणि एरवी एकमेकांशी धड न बोलणारी माणसं फोडी वाटून खातात. सकाळी शाल आणि दुपारी पंखा, असे हे दिवस. कडुनिंबाची पानं मैदानभर लोळत असतात आणि चपराशी दोनदा झाडूनही हरलेला असतो. याच दिवसांत, याच टेबलावर, साली बाजूला सारून आम्ही यादी करतो. म्हणून संत्रं सोललं की दुसऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं आणि मला यादी आठवते.

यंदाही यादीचा कागद आला. सोमवारी मुख्याध्यापकांनी हातात दिला. वर छापलेलं ‘इयत्ता दहावी, क गट’, खाली पंधरा रिकाम्या ओळी, मागची बाजू कोरी. शुक्रवारपर्यंत भरून हवा होता. मी घडी करून पर्समध्ये टाकला आणि तेव्हापासून मला चैन नाही. भाजी घ्यायला पर्स उघडली की तो दिसतो, चष्मा शोधायला हात घातला की तोच हाताला लागतो. नावं सुचत नाहीत म्हणून अडलं होतं असं नाही. नावं डोक्यात तयार होती, हेच दुखणं. सत्तावीस वर्षं गणित शिकवते आहे; कुठलं पोर कुठल्या ओळीत बसेल हे मी कागद न बघता सांगते, अशी शाळेत माझी ख्याती आहे. त्या ख्यातीचा मला आता राग येतो.

‘क गट’ हे कागदावरचं नाव. बोलताना आम्ही सगळे, मुलांसकट, ‘पासिंग बॅच’ म्हणतो. जी मुलं गणितात नापास होतील अशी भीती, त्यांना शेवटचा महिना शेजारच्या खोलीत वेगळं बसवायचं. त्यांना सगळं शिकवायचं नाही. सोप्या उदाहरणांचे चार-पाच प्रकार, दोन प्रमेयं, आकृत्या काढून नावं द्यायची, बस्स. ‘वीस आम्ही देऊ, पंधरा तुम्ही आणा’ हा आमचा मंत्र. वीस म्हणजे शाळेच्या हातातले अंतर्गत गुण, पंधरा लेखी परीक्षेतले. बेरीज पस्तीस, पोरगं पास. भूमितीच्या पेपरातला चौथा प्रश्न जरा अवघड असतो. त्याच्यासाठी माझा खास नियम होता आणि तो मी बोट नाचवून सांगायचे, ‘‘चौथ्या प्रश्नाकडे बघायचंसुद्धा नाही. बघितलं की घाबराल, आणि घाबरलात की येतं तेही विसराल.’’ मुलं हसायची. मी स्वतःला फार व्यवहारी आणि फार मायाळू समजायचे.

खोटं कशाला बोलू, ही युक्ती उपयोगी पडते. कित्येक मुलं त्या पंधरा गुणांवर तरून गेली आहेत. पेढे घेऊन आलेल्या आया मला आठवतात. म्हणून तर ही गोष्ट मनातून उपटून फेकता येत नाही. नुसती वाईट असती तर केव्हाच टाकली असती.

यादी खरं तर गुण बघून व्हायला हवी. सहामाहीचे गुण समोर असतातच. पण नाव वाचलं जातं ते पत्त्यासकट. आमच्या शाळेच्या मागे नाला आहे आणि नाल्यापलीकडे वस्ती. ‘पलीकडची आहे का? मग घाला,’ एवढ्यावर एक ओळ भरते. सहा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत प्रणालीचं नाव असंच निघालं. तिला सहामाहीत फार नाही, पण पासापुरते गुण होते. मी जरा थबकले. माझ्या शेजारी विज्ञानाचे वानखेडे सर संत्र्याचे धागे काढत बसले होते. ते म्हणाले, ‘‘बाई, विचार काय करता? रोज उशिरा येते, वर्गात पेंगते. पलीकडच्या पोरी दहावीनंतर दिसतात काय कुठं? पास झाली तरी गंगेत घोडं न्हालं.’’ त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. त्यांनी फोड माझ्यापुढे केली, मी ती तोंडात टाकली आणि सातव्या ओळीवर लिहिलं, प्रणाली.

हे माझ्या हातून व्हायला नको होतं. मी उमरेडची, विणकराच्या घरातली. माझे वडील मागावर बसायचे आणि आम्ही बहिणी सुताच्या कांड्या भरायचो. आमच्या शाळेत एक गुरुजी होते. मी गणितात शंका विचारली की म्हणायचे, ‘‘मागावरच्या पोरीले एवढं कशाले पायजे? गाठी मारता आल्या का झालं.’’ वर्ग हसायचा. त्या हसण्याचा राग मी इतकी वर्षं जपून ठेवला होता, आणि त्या रागाच्या जोरावर मला वाटायचं की गरिबाघरचं पोर मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ते मला पाठ आहे. आता वर्गात मी मुलांना नेहमी सांगते की पाठ असलेलं उदाहरणच माणूस नीट वाचत नाही, आकडे बदललेत हे त्याच्या लक्षात येत नाही. दुसऱ्यांना सांगायला आपण हुशार असतोच.

प्रणाली बारीक चणीची, दोन वेण्यांची. एक रिबीन नेहमी सुटलेली. परिपाठ संपता संपता फाटकाशी यायची आणि उशिरा आलेल्यांच्या रांगेत उभी राहायची. मी भर वर्गात विचारायचे, ‘‘काहून वं, आजही उशीर?’’ ती म्हणायची, ‘‘झाला जी मॅडम.’’ एवढंच. पुढे काही सांगायची नाही. मला तो उद्धटपणा वाटायचा. पन्नास पोरांच्या समोर कुणी आपल्या घराची दारं उघडत नाही, हे मला, सुताच्या कांड्या भरून शाळेत येणारीला, सुचू नये?

मग सराव परीक्षा झाली. पेपर तपासायला मी घरच्या बाल्कनीत बसले होते. शेजारचे काका कूलर नेहमीपेक्षा लवकर खाली काढून त्याचा गंज खरवडत होते, आणि तो आवाज दातांत जात होता. प्रणालीचा भूमितीचा पेपर हातात आला. पंधरा गुणांचं सगळं नेटकं सोडवलेलं, सांगितलं तसं. शेवटचं पान उलटलं तर तिथे चौथ्या प्रश्नातलं एक उदाहरण. लाकडाच्या वृत्तचितीतून, म्हणजे दंडगोलातून, तेवढ्याच तळाचा आणि उंचीचा शंकू कोरला, तर उरलेल्या लाकडाचं घनफळ काढा. तिनं ते सोडवलं होतं. शंकूचं घनफळ काढून वजा करण्याच्या भानगडीत ती पडलीच नव्हती. ‘तीन वाट्यांत एक वाटा शंकू, दोन वाटे उरले’ असं लिहून सरळ दोन तृतीयांश घेतले होते. उत्तर १५४० घन सेंटिमीटर. अगदी बरोबर. आणि त्या सगळ्यावर, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, पट्टीने मारलेली एक सरळ रेघ.

मुलं खोडतात ती चिडून, गिरगटून. पट्टी घेऊन बरोबर उत्तर खोडलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. मला काही कळेना. कूलरचा खरखराट चालूच होता. मी काकांवर उगाच खेकसले आणि पेपर घेऊन आत आले.

दुसऱ्या दिवशी तिला पाण्याच्या टाकीजवळ गाठलं. ‘‘हे तूच सोडवलं ना?’’

‘‘हो जी.’’

‘‘मग खोडलं काहून?’’

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी विसरले होते. ‘‘तुमीच सांगतलं होतं ना मॅडम, चौथ्या प्रश्नाकडे पाहाचंबी नाही म्हणून. वेळ उरला होता, तं पाह्यलं. सोडवून झाल्यावर वाटलं, तुमी रागवाल. आमी पासिंगवाले ना जी.’’

‘‘आणि हे एक वाटा, दोन वाटे? हे कुठून आणलं?’’

‘‘बाबा लकडगंजात खरादीवर आहे ना जी. गोल लाकडाचे भवरे काढते. बाबा नेहमी म्हणते, एक वाटा भवरा, दोन वाटे भुसा. तुमी जानेवारीत शंकूचं सूत्र शिकवलं, तवा समजलं बाबा तसं काहून म्हणते ते.’’

टाकीचा नळ गळत होता. मी तो घट्ट करत उभी राहिले, कारण तिच्या तोंडाकडे बघवेना. गुरुजींनी मला गाठी मारायला सांगितल्या होत्या, तेव्हा मी निदान मनातून त्यांना शिव्या दिल्या होत्या. या पोरीनं माझं ऐकलं. माझ्या मायेवर विश्वास ठेवून तिनं स्वतःचं बरोबर उत्तर खोडलं. त्या गुरुजींपेक्षा मी वाईट निघाले.

संध्याकाळी मी लकडगंजात तिचे वडील कामाला असलेली लाकडाची वखार शोधत गेले. ओल्या सागवानाचा वास, त्यात कुठूनतरी नव्या मिरचीचा ठसका. शिंकून शिंकून डोळ्यांत पाणी. प्रणालीचे वडील खरादीवर नव्हते, बाहेर एका ओंडक्यावर बसले होते. उजव्या हाताला फडकं. दिवाळीनंतर मशीनमध्ये दोन बोटं गेली होती आणि मालकानं तेव्हापासून त्यांना राखणीला बसवलं होतं. मला बघून ते उठलेच.

‘‘या जी मॅडम. पोरीनं काई केलं काय?’’

‘‘तिनं नाही काही केलं,’’ मी म्हटलं. ‘‘ती उशिरा का येते, ते विचारायला आले.’’

‘‘सांगतलं नाही काय तिनं? तिची माय पहाटेच निंगते, रामदासपेठेत दवाखान्यात साफसफाईले. मंग सैपाक, लहान्याचा डबा, माही पट्टी बदलनं, सगळं प्रणालीच करते. माह्यानं एका हातानं होत नाही ना.’’ मग चेहरा उजळून म्हणाले, ‘‘तुमी तिले पासिंगमधे टाकलं म्हणे. मी म्हटलं, लय चांगलं झालं बाप्पा. मॅडमनं पोरीचं ध्यान ठेवलं.’’

ते माझे आभार मानत होते. दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला घरी जाताना बरं वाटलं असतं. पायाशी भुशाचा ढीग होता, मऊ आणि पिवळट. मी चपलेनं तो उगाच सारखा करत राहिले.

नंतर मी जे केलं ते फार थोडं होतं. यादीतली सातवी ओळ खोडली, आणि आपोआप पट्टीनंच खोडली. चपराशाला सांगितलं की ही पोर आली की फाटक उघडायचं, रांगेत उभी करायची नाही. वर्गासमोर ‘उशीर काहून’ विचारणं बंद केलं, तिलाच नव्हे, कुणालाच. पहिला तास बुडायचा तो भरून काढायला तिला दुपारी प्रयोगशाळेत बसवायला लागले. पहिल्या दिवशी ती टेबलावर डोकं ठेवून झोपलीच. मी तिला अर्धा तास झोपू दिलं आणि बाहेर आवाज करणाऱ्या पोरांना हाकललं. उठल्यावर ती ओशाळली. मी म्हटलं, ‘‘झालं ना? आता चौथा प्रश्न काढ.’’ बोर्डात तिनं तो प्रश्न सोडवला आणि पुढे पॉलिटेक्निकला गेली. आता रस्त्यांच्या कामावर मोजणी करते. मागच्या दिवाळीत तिनं फोटो पाठवला, डोक्यावर पिवळं हेल्मेट, समोर तिपाईवर यंत्र. एक वेणी अजून सुटलेलीच आहे.

ही गोष्ट इथे संपली असती तर मी सुखी असते. मी ती खूप ठिकाणी सांगितली. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणातही सांगितली, पट्टीच्या रेघेपाशी आवाज थोडा खाली आणून. टाळ्या पडल्या. वानखेडे सरांनीही डोळे पुसले आणि म्हणाले, ‘‘बाई, चुकलंच आपलं.’’ मला किती हलकं वाटलं! पण तिथे एकानंही विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही, की यादीत ओळी पंधरा होत्या. सातवी खोडली. बाकीच्या चौदांचं काय? ते त्याच खोलीत बसले होते आणि मी त्यांच्यापुढे बोट नाचवत होते. त्यानंतरही दर फेब्रुवारीत संत्री आली, यादी झाली. एक हिरा सापडला म्हणून मी खूश, आणि बाकीच्यांकडे मी पुन्हा पत्ता वाचूनच बघत होते.

हे कळायला मला या बुधवारची दुपार लागली. शाळा सुटली, ऊन मी म्हणत होतं, म्हणून नाक्यावरून ई-रिक्षा केली. रिक्षावाला आरशातून सारखा बघत होता. शेवटी मागे वळून म्हणाला, ‘‘मॅडम, ओळखलं नाही काय? मी रोशन! पासिंग बॅच!’’

लोक आपल्या दहावीचं वर्ष सांगतात तसं त्यानं ते सांगितलं. मला ओठांवर हसू आणावं लागलं. प्रणालीच्याच वर्गातला रोशन, यादीत बहुतेक अकराव्या ओळीवरचा. उंच झाला होता, मिशी फुटली होती.

‘‘पस्तीस आले होते मॅडम गणितात,’’ तो खुशीत सांगू लागला. ‘‘तुमी म्हटले होते तेवढेच. एक कमी नाही, एक जास्त नाही.’’

‘‘पुढे शिकला नाहीस?’’

‘‘अकरावीत गेलो होतो. मंग सोडलं. आपल्याले कुठं जमते जी? तुमाले तं माहीतच होतं.’’ मध्ये एक गाय आली, तिला हॉर्न दिला, आणि तो पुढे बोलला, ‘‘माही बहीण आहे ना यंदा तुमच्या वर्गात, साक्षी. तिलेबी पासिंगमधेच टाका मॅडम. आरामात निंगून जाते मंग. मी तिले घरी सांगूनच ठेवलं आहे.’’

माझ्या मांडीवर पर्स होती, पर्समध्ये तो कागद, आणि डोक्यातल्या यादीत चौथ्या ओळीवर साक्षीचंच नाव होतं. मी उतरले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि घरापर्यंत त्याचं एकच वाक्य ऐकत गेले. तुमाले तं माहीतच होतं. मला काय माहीत होतं? त्याचा पत्ता. त्याला चौथा प्रश्न सुटला असता का, हे मला माहीत नाही, त्यालाही नाही, आणि आता कधी कळणारही नाही. प्रणालीनं निदान पट्टीनं रेघ मारली म्हणून मला दिसलं. रोशननं रेघ मारायलासुद्धा काही लिहिलं नव्हतं.

गुरुवारभर मी एकच हिशेब मांडत आणि मोडत होते. यादी दिली नाही आणि साक्षीसारखी मुलं नापास झाली तर? तिला चाचणीत वीसपैकी चार मिळतात. तिच्यात प्रणाली लपलेली आहे असं मानायला माझ्याकडे कसलाच आधार नाही. नसेलही लपलेली. पोर नापास झालं तर टाळ्या वाजवणारे लोक त्याच्या घरी जाणार नाहीत, मला जावं लागेल. त्या नापासीची भीती मला आत्ता लिहितानाही आहे.

शुक्रवारी मी वर्ग तोडला नाही. सगळे एकाच खोलीत, तीन-तीन जण एका बाकावर. पंधरा गुणांचा सराव आधी करून घेतला, तो सोडायचा नाहीच. मग फळ्यावर चौथा प्रश्न लिहिला. तोच, लाकडाचा. म्हटलं, ‘‘सोडवा. चुकलं तरी चालेल, खोडायचं मात्र नाही.’’ पुढचे बाक खाली वाकले. मागचे माझ्याकडे बघत राहिले. खिडकीजवळून साक्षीनं हात वर केला.

‘‘मॅडम, आमालेबी सोडवाचं काय?’’

‘‘हो. तुलाही.’’

‘‘भाऊ तं म्हणे, आमी पासिंगवाले आहो.’’

‘‘भावाला मीच चुकीचं सांगितलं होतं,’’ मी म्हटलं. पुढच्या बाकांवरची वाकलेली डोकीही वर झाली. मॅडम चुकल्या, हे वाक्य आमच्या शाळेत सहसा कानावर पडत नाही.

तिची वही संपलेली होती. मी पर्समध्ये हात घातला, नेहमीप्रमाणे तोच कागद हाताला लागला. घडी उलगडली आणि कोरी बाजू वर करून तिच्यापुढे ठेवला. तिनं वृत्तचिती काढली, वाकडीच. आत शंकू बसवला, तो एका बाजूला कलला. पहिल्याच पायरीत त्रिज्येचा वर्ग करायला विसरली. माझं बोट तिथं जायला शिवशिवत होतं. मी हात मागे बांधले.

दारात मुख्याध्यापक आले. ‘‘मॅडम, यादी झाली काय?’’

‘‘कागद साक्षीजवळ आहे, सर.’’

ते गोंधळून तिच्या बाकाकडे गेले आणि कागद घ्यायला हात पुढे केला. साक्षीनं कोपरानं तो झाकला. मान वर न करता म्हणाली, ‘‘थांबा ना जी सर. सोडवून राहिली ना मी.’’